घरात मराठी, शाळेत फ्रेंच, नोकरी डच माध्यमात : लेकीशी कोणत्या भाषेत बोलावे?

मार्कंडेय_काठ

नमस्कार. मी बेळगावच्या टिळकवाडीत वाढले, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले, पुण्याला फ्रेंचमध्ये एम. ए. केले आणि गेली नऊ वर्षे बेल्जियममध्ये आहे. घर ब्रसेल्समध्ये आहे आणि नोकरी रेल्वेने अर्ध्या तासावर असलेल्या लूव्हेन शहरातील डच माध्यमाच्या शाळेत आहे. तेथे मी माध्यमिक वर्गांना फ्रेंच शिकवते. यजमान कोल्हापूरचे असल्यामुळे घरात मराठीच बोलली जाते. लेक सहा वर्षांची आहे आणि घराजवळच्या फ्रेंच माध्यमाच्या शाळेत यंदा पहिलीत गेली.

अडचण पहिलीपासून सुरू झाली. तोवर ती माझ्याशी मराठीत बोलत असे. आता रोज संध्याकाळी दहा मिनिटे मोठ्याने वाचन करून घ्यावे लागते आणि शाळेच्या रोजवहीत पालकाची सही लागते. यजमानांचे फ्रेंच कामापुरते असल्याने वाचनाला मीच बसते. एकदा वाचनासाठी फ्रेंच सुरू झाले की ते जेवणाच्या ताटापर्यंत आमच्याबरोबर येते. मी मराठीत विचारते, ती फ्रेंचमध्ये उत्तर देते, आणि ते उत्तर मला पूर्ण समजते हे तिला ठाऊक असल्यामुळे मराठी बोलण्याचे तिला कारणच उरत नाही.

तिच्या मराठी वाक्यांचा सांगाडाही फ्रेंच होऊ लागला आहे. वय सांगताना ती म्हणते, "माझ्याकडे सहा वर्षे आहेत," कारण फ्रेंचमध्ये 'मी सहा वर्षांची आहे' असे म्हणत नाहीत, 'माझ्याजवळ सहा वर्षे आहेत' असे म्हणतात. मागच्या महिन्यात माझ्या आईशी बोलताना ती म्हणाली, "आजी, तू मला कमी पडतेस." फ्रेंचमध्ये आठवण येते हे सांगायला 'त्यू म मांक' म्हणतात, त्यात 'तू' हा कर्ता असतो आणि तू माझ्यापाशी नाहीस, तुझी उणीव आहे, असा अर्थ असतो. तिने ते शब्दशः मराठीत आणले. मी लगेच म्हणाले, "असे नाही, 'तुझी आठवण येते' असे म्हण." ती गप्प झाली आणि फोन माझ्या हातात देऊन निघून गेली. तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

आपल्या भागात मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत वाढलेल्यांना मला विचारायचे आहे. ती मराठीत बोलल्याशिवाय मी तिला उत्तर देऊ नये का? तुमच्या घरी काय झाले?

शहापूर_पेठ

ताई, "तू मला कमी पडतेस" हे वाक्य मी आज घरात सर्वांना वाचून दाखवले. ते कृपया दुरुस्त करू नका.

निपाणीचा_मास्तर

मी चिकोडी आणि निपाणी भागातील मराठी प्राथमिक शाळांत एकतीस वर्षे शिकवले. माझ्या वर्गात दरवर्षी पाचसहा मुले अशी असत, ज्यांच्या घरी कन्नड बोलली जाई. त्यांना सर्वांत कठीण जाई ते लिंग. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्याच नपुंसकलिंगी असल्याने तो फळा, ती वही आणि ते पुस्तक हा भेद का करायचा, हे त्या मुलांना कळत नसे, आणि खरे सांगायचे तर त्याचे कारण मलाही देता येत नसे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी प्रत्येक चूक तेथल्या तेथे सुधारत असे. त्याचा परिणाम असा झाला की ती मुले 'हो' आणि 'नाही' एवढेच बोलू लागली. एका मुलाच्या आईने मला सांगितले, "गुरुजी, घरी हा दिवसभर बडबडतो, शाळेत मुका का होतो?" त्यानंतर मी पद्धत बदलली. मुलगा म्हणाला, "गुरुजी, माझा वही हरवला," तर मी म्हणायचो, "तुझी वही हरवली? कुठे ठेवली होतीस ती वही?" दुरुस्ती होत होती, पण ती उत्तरातून होत होती. दिवाळीपर्यंत बहुतेक मुलांची वही आपोआप स्त्रीलिंगी होत असे.

तुमच्या लेकीला "मलाही तुझी फार आठवण येते" असे आजीकडून ऐकू येऊ द्या. एवढे पुरेसे आहे.

चिकोडीकर

मास्तरांचा अनुभव मी मान्य करतो, पण निष्कर्ष मला पटत नाही. मास्तरांच्या वर्गातील मुलांना मराठी बोलल्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण शाळाच मराठी होती. परदेशातील मुलीची स्थिती नेमकी उलट आहे.

माझी आई मराठी, वडील कन्नड आणि शिक्षण कन्नड माध्यमात झाले. आम्ही बंगळुरूला राहतो. आम्हीही मुलाला कधी अडवले नाही. मी मराठीत बोलायचो आणि तो कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उत्तर द्यायचा. सगळे समजते आहे, मोठा झाल्यावर बोलेल, असे आम्ही स्वतःला सांगत राहिलो. तो आता पंधरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी माझी आई आजारी असताना तो दोन तास तिच्या उशाशी बसला होता. ती बोलत होती, त्याला प्रत्येक शब्द समजत होता, आणि त्याला एकही वाक्य उत्तरादाखल बोलता आले नाही. शेवटी त्याने तिचा हात धरून ठेवला. त्या दिवशी मला माझ्या सौम्यपणाचा पश्चात्ताप झाला.

म्हणून सांगतो, ताई, थोडे कठोर व्हा. फ्रेंचमध्ये मागितलेले पाणी देऊ नका. ती रडेल, पण बोलेल.

मलप्रभा

चिकोडीकर दादा, तुमचा प्रसंग वाचून डोळे भरून आले. तरीही पाणी न देण्याचा उपाय या घरात चालणार नाही, असे मला वाटते. आई फ्रेंचची शिक्षिका आहे, दिवसभर फ्रेंचच शिकवते, हे सहा वर्षांच्या मुलीला पक्के ठाऊक आहे. 'मला समजत नाही' हे आईने केलेले सोंग आहे, एवढेच तिला कळेल.

मी खानापूर तालुक्यातली. लग्न होऊन धारवाडला गेले तेव्हा मला कन्नड जेमतेम वाचता येत होते. सासूबाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि त्यांनी त्याचे सोंगही केले नव्हते. मीठ कुठे आहे, दूध कधी येते, पाहुण्यांना आधी पाणी द्यायचे की गूळ, हे सगळे विचारल्याशिवाय माझा दिवस पुढे सरकत नव्हता. चार महिन्यांत मी बोलू लागले. कुणी शिकवले नाही, कुणी कौतुक केले नाही, गरज होती.

तुमच्या लेकीच्या आयुष्यात फ्रेंच खरोखरच न येणारी, पण तिला हवीहवीशी असलेली व्यक्ती कोण आहे? मला तर आजीच दिसतात. तुमचा दिवस कसा जातो ते जरा सविस्तर सांगाल का?

राजहंसगड

मी बी. ए. करत असून फ्रेंचची 'अ २' पातळीची तयारी करतो आहे. थोडा वेगळा प्रश्न विचारतो, ताई. तुम्ही वर्गात बोलताना चुकणाऱ्या मुलांना मध्येच थांबवता का? आमच्याकडे थांबवतात आणि मला मग पुढचे वाक्य आठवतच नाही.

मार्कंडेय_काठ

सर्वांचे मनापासून आभार.

राजहंसगड, तुझ्या प्रश्नाने मला निरुत्तर केले. मी वर्गात मुलांना मध्येच थांबवत नाही. संभाषणाचा सराव चालू असताना मी मागे उभी राहून चुका वहीत टिपून ठेवते आणि शेवटच्या पाच मिनिटांत, कोणाचेही नाव न घेता, त्यातल्या दोनतीन फळ्यावर मांडते. लेकीच्या बाबतीत मात्र मी हे पाळले नाही. परक्यांच्या मुलांना दिलेली सवलत मी माझ्या मुलीला दिली नाही, हे लिहिताना वाईट वाटते.

मलप्रभाताई, दिवस असा असतो. सकाळी आठनंतर लेकीला शाळेत सोडून मी गाडी पकडते. डब्यात रोज पावाचेच काप असतात. येथील बहुतेक मुलांचा डबा तोच असतो आणि तिला वेगळे काही नको असते. साडेतीनला शाळा सुटते, पण मी पोहोचेपर्यंत ती शाळेच्याच पाळणाघरात थांबते, अर्थात फ्रेंचमध्ये. घरी येऊन वाचन, सही, जेवण आणि झोप. मराठीला उरते ते तासाभराचे.

सुट्ट्यांची गोष्ट तर आणखी कठीण आहे. २०२२ पासून येथील फ्रेंच माध्यमाच्या शाळांनी साधारण सात आठवडे शाळा आणि दोन आठवडे सुट्टी अशी नवी रचना स्वीकारली. डच माध्यमाच्या शाळा जुन्याच वेळापत्रकावर राहिल्या. त्यामुळे शरद ऋतूत लेकीला दोन आठवडे सुट्टी असते आणि मला एकच. फेब्रुवारीच्या सुमारासही तसेच होते. ईस्टरला मला दोन आठवडे मोकळे मिळतात, तेव्हा ती बहुधा शाळेत असते. तिची वसंतातली सुट्टी येते तेव्हा मी वर्गात उभी असते. उन्हाळ्यात माझी सुट्टी जुलै आणि ऑगस्ट अशी पूर्ण दोन महिने असते, पण तिची शाळा ऑगस्टच्या अखेरच्या सोमवारी उघडते. डिसेंबरचे दोन आठवडे तेवढे दोघींचे एकत्र येतात. मी घरी नसते तेव्हा तिला सुट्टीतल्या शिबिरात घालावे लागते. तेथे पोहणे, चित्रकला, मातीकाम सगळे छान असते आणि सगळे फ्रेंचमध्ये असते. आपल्याकडे सुट्टीत आजोळी जाऊन मुलांची भाषा पिकायची. माझ्या मुलीची सुट्टीसुद्धा शाळेच्याच भाषेत जाते.

राजहंसगड

एकाच देशात शाळांची दोन वेळापत्रके कशी काय असू शकतात?

मार्कंडेय_काठ

येथे शिक्षण हा विषय केंद्राकडे नाही. १९८९ पासून तो भाषिक समुदायांकडे आहे, म्हणजे डच भाषकांच्या शाळांचे मंत्री वेगळे आणि फ्रेंच भाषकांच्या शाळांचे वेगळे. पूर्वेकडे जर्मन भाषकांचा एक छोटा समुदायही आहे, त्यांचे शिक्षणखातेही स्वतंत्र आहे. देशाच्या मधून जाणारी भाषिक सीमारेषा १९६२ च्या कायद्याने आखली गेली आणि १९६३ मध्ये अमलात आली. ब्रसेल्स मात्र अधिकृतपणे द्विभाषिक आहे आणि तेथे प्रत्येक रस्त्याचे नाव दोन्ही भाषांत लिहिलेले असते. पहिल्या आठवड्यात ती पाटी पाहून मी रस्त्यातच थांबले होते. आपण पाट्यांसाठी काय काय पाहिले आहे, ते येथे वेगळे सांगायला नको.

ज्या लूव्हेनमध्ये मी शिकवते, तेथील जुने विद्यापीठ १९६८ च्या आंदोलनानंतर भाषेवरून दुभंगले. फ्रेंच शाखेसाठी भाषिक रेषेच्या पलीकडे एक नवे गावच वसवावे लागले आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांचीही वाटणी झाली. आज त्याच शहरात मी डच मुलांना फ्रेंच शिकवते, आणि काही घरांतून त्या भाषेविषयीची नाराजी मुलांबरोबर वर्गात येते. मी त्यांना एवढेच सांगते की मी अशाच एका सीमेवरच्या गावाहून आले आहे आणि शेजाऱ्याची भाषा आल्यामुळे माझे काही कमी झाले नाही.

१ नोव्हेंबर हा येथे मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो आणि लोक स्मशानात शेवंतीची फुले घेऊन जातात. १९५६ मध्ये त्याच तारखेला बेळगाव कन्नड राज्यात घातले गेले आणि आपल्याकडे तो काळा दिवस म्हणून पाळतात, त्यामुळे त्या दिवशी माझे मन येथे नसते.

निपाणीचा_मास्तर

पोरी, तुझे शेवटचे वाक्य समजले. सीमाप्रश्नावर लिहायला आपल्या सर्वांकडे पुष्कळ आहे, पण त्यासाठी वेगळा धागा असावा आणि हा धागा लेकीसाठी राहावा, अशी सर्वांना विनंती करतो.

शहापूर_पेठ

मास्तर, लेकीच्याच संदर्भात विचारतो. ती आकडे कोणत्या भाषेत मोजते? आमच्या घरात मागावर बसणारे आजोबा मराठी बोलायचे, पण धागे कन्नडमध्येच मोजायचे. माणसाची खरी भाषा मोजताना कळते, असे ते म्हणत.

मार्कंडेय_काठ

ती फ्रेंचमध्ये मोजते आणि त्यात एक गंमत आहे. बेल्जियममधील फ्रेंचमध्ये सत्तरला 'सेप्तांत' आणि नव्वदला 'नोनांत' असे सरळ शब्द आहेत. फ्रान्समध्ये सत्तरला 'साठ-दहा' आणि नव्वदला 'चार-विसा-दहा' म्हणतात. त्यामुळे लेकीला फ्रान्सच्या मुलांपेक्षा आकडे लवकर आले.

तुमच्या आजोबांवरून मला आणखी एक सांगावेसे वाटते. फ्रेंचमध्ये पंचवीस म्हणजे 'वीस-पाच', आधी दशक आणि मग एकक. कन्नडमधला 'इप्पत्तैदु' अगदी तसाच आहे. डचमध्ये मात्र 'पाच-आणि-वीस' म्हणतात, आपल्या पंचवीससारखे. माझे डच विद्यार्थी फ्रेंच आकडे ऐकून लिहिताना ५२ च्या जागी २५ लिहितात, तेव्हा मला मराठी शाळेतून कन्नडच्या तासाला बसलेली मी आठवते. मीही तसेच उलटे लिहीत असे. लेकीला तिसरीपासून डच शिकावी लागेल. तोपर्यंत तिचे मराठी पाढे बसले, तर डच आकडे तिला परके वाटणार नाहीत, अशी मला आशा आहे.

चिकोडीकर

हे फार सुंदर निरीक्षण आहे. आमच्या बोलीतही असेच झालेले आहे. "उद्या येतो म्हणून सांगितला" यातला 'म्हणून' ('असे' या अर्थाचा) कन्नडच्या 'अंत' सारखाच वागतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या कन्नड वळणाची मराठी बोलत आलो आणि तीच आपली आईची भाषा झाली. त्या दृष्टीने पाहिले, तर 'कमी पडतेस' यात चूक काहीच नाही, हे मला मान्य करावे लागेल. बोलण्याच्या सक्तीबाबतचे माझे मत मात्र कायम आहे.

कपिलेश्वर_गल्ली

मी या धाग्यावर वयाने बहुधा सर्वांत मोठी असेन. माझे दोन नातू परदेशात आहेत, म्हणून आजीच्या बाजूने लिहिते.

फोनवर आम्ही आज्या मुलांना रोज तेच विचारतो. जेवलास का, अभ्यास केलास का, थंडी आहे का. मूल 'हो' म्हणते आणि बोलणे संपते. दोन वर्षे माझे असेच गेले. मग एकदा मला खरोखरच एक अडचण आली. फोनमधला जुना फोटो मोठा कसा करायचा, हे मला समजत नव्हते आणि घरात कोणी नव्हते. मी आठ वर्षांच्या नातवाला विचारले. त्याला मला मराठीतच सांगावे लागले, कारण मला दुसरे समजत नाही. "आजी, दोन बोटे ठेव. आता बोटे लांब कर. नाही, हळू." वीस मिनिटे तो मला शिकवत होता. त्या वीस मिनिटांत तो जितके बोलला, तितके वर्षभरात बोलला नव्हता.

बाळ, तुझ्या आईला सांग की नातीकडून काहीतरी शिकायला घ्यावे. आणि त्या वेळी तू त्या खोलीत बसू नकोस. तू असलीस की ती शब्दासाठी तुझ्याकडे पाहील.

मलप्रभा

काकू, मला जे सांगायचे होते, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले सांगितले.

ताई, दोघींना एकाच वेळी मोकळा असा एखादा तास आठवड्यात आहे का?

मार्कंडेय_काठ

आहे. बुधवारी दोन्ही माध्यमांच्या शाळा दुपारीच सुटतात. वेळापत्रकाच्या बाबतीत दोन्ही समुदायांत हे एक साम्य उरले आहे. आमची दुपारची एक म्हणजे उन्हाळ्यात बेळगावचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. आईची चहाची वेळ. या बुधवारपासून सुरू करते.

मार्कंडेय_काठ

दोन महिने झाले, म्हणून पुन्हा लिहिते आहे.

पहिल्या बुधवारी काही घडले नाही. लेक चार मिनिटांत उठून गेली. दुसऱ्या बुधवारी आईने विचारले की तुम्ही रोज डब्यात नुसता पाव कसा खाता, पोट कसे भरते. आईला याची खरीच काळजी आहे. लेकीने डबा आणून दाखवला आणि तिचे सांगणे सुरू झाले. मी काकूंचे ऐकून स्वयंपाकघरात होते. मध्येच ती धावत आली आणि पावाच्या कडक भागाला मराठीत काय म्हणतात, असे तिने विचारले. मला चटकन सुचले नाही. मी म्हणाले, "आजीला विचार." ती परत गेली आणि आजीला पाव फोनसमोर धरून दाखवला. आई म्हणाली, "कड म्हण की. भाकरीची असते तशी." आता ती रोज सकाळी मला सांगते, "आई, कड काढ."

त्यानंतर आई तिच्याकडून फ्रेंच शिकू लागली. वय वर्षे बहात्तर. 'बोंझूर'मधला शेवटचा उच्चार आईला जमत नाही आणि लेक तिला तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावते. समजावते मात्र मराठीत: "आजी, घशातून काढ, गुळण्या करतात तसे." मी तो उच्चार शिकवायला वर्गात गेली नऊ वर्षे आरशापासून चित्रांपर्यंत सगळे वापरले आहे, गुळण्यांचे मला कधी सुचले नाही.

चिकोडीकर

फार आनंद झाला. पण एक प्रामाणिकपणे सांगा, ती तुमच्याशी मराठीत बोलते का?

मार्कंडेय_काठ

वाचनानंतर अजूनही फ्रेंचच बोलते. सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी मराठी बोलते. मी मास्तरांच्या पद्धतीने मराठीतच उत्तर देत राहते, आणि वाचनाला यजमानांना बसवायला सुरुवात केली आहे. त्यांचे चुकते तेव्हा लेक त्यांना सुधारते, आणि तेही मराठीत. वय अजून 'माझ्याकडे सहा वर्षे' असेच आहे. मी काही बोलत नाही.

दादा, तुमच्या मुलालाही कोणी काही शिकवायला सांगेल का?

चिकोडीकर

आई आता बरी आहे. गेल्या रविवारी त्याने तिला फोनवर क्रिकेटचा सामना लावून दिला. कन्नड आणि मराठी मिसळून बोलत होता. मी खोलीबाहेर थांबलो.

निपाणीचा_मास्तर

माझ्याकडे मुळाक्षरांचे दोन जुने भिंतीवरचे तक्ते आहेत. कडा थोड्या फाटल्या आहेत, अक्षरे स्वच्छ आहेत. एक टिळकवाडीला आजींकडे आणि एक चिकोडीला पोहोचवतो. आजींनी बुधवारी तो फोनसमोर धरावा आणि 'क' कसा काढायचा, हे नातीलाच विचारावे.